‘पाच मिनिटांचं काम आणि २,८५० रुपये’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा अभिप्राय काल रात्री वाचला, सकाळी दुकान उघडायच्या आधी परत एकदा वाचला. ऐन गणपतीत, तासगावात गणपतीच्या रथाच्या तोंडावर तुमच्या फ्लेक्स छापायच्या मशीननं शाई टाकायची बंद केली आणि मंडळाची ऑर्डर दुसऱ्या दुकानात गेली, याचं खरंच वाईट वाटतं. मी मशीन बघून गेल्यावर तिसऱ्या दिवशी ते परत बंद पडलं तेव्हा तुमचे सात फोन मी उचलले नाहीत, ही चूक माझी. चतुर्थी होती, घरी मूर्ती बसायची होती, मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला होता. तरी सात म्हणजे सात. माफी असावी.

पण ‘सर्व्हिसवाला साडेसहा तास उशिरा आला, पाच मिनिटांत काहीतरी फिरवलं आणि २,८५० घेऊन गेला’ हे जे लिहिलंय ना, त्यातलं पाच मिनिटांचं मला लागलं.

उशिराचं आधी सांगतो. तुमचा फोन १०.१० ला आला, तेव्हा मी कुपवाडला एका मशीनचा पंप उघडून बसलो होतो. चारपर्यंत येतो म्हणालो होतो, ४.३५ ला आलो. कवठे एकंदच्या अलीकडे पाऊस लागला, आणि बॅगेत सुटे भाग असताना मी गाडी पावसात दामटत नाही. म्हणजे उशीर पस्तीस मिनिटांचा. सकाळी दहापासून मोजायचं म्हटलं तर साडेसहा तास होतात, पण तसं मग माझ्याकडे रोज सगळ्यांनाच उशीर होतो.

आता पाच मिनिटं. तुमच्या दुकानात कॅमेरा आहे, काउंटरच्या वर. ४.३५ ते ६.५० एवढं काढून बघा. मी असताना चहा दोनदा आला. पहिला आल्या आल्या, दुसरा तुम्हीच पोराला पाठवून मागवलात, बरोबर खारी होती. पाच मिनिटांच्या माणसाला कुणी दोन चहा पाजत नाही.

त्या सव्वादोन तासांत काय केलं ते लिहितो, कारण फ्लेक्सवाले बाकीचे लोकही हे वाचणार आहेत. फोनवर तुम्ही म्हणालात, ‘हेड गेलं, नवीन सांगा.’ हेड म्हणजे शाई फवारणारा भाग. आधी ज्याला फोटो पाठवले होतेत त्यानं फोटो बघूनच हेड सांगितलं होतं. मी नोझल चेक मारला, म्हणजे हेडच्या बारीक भोकांतून शाई येते का ते बघायला कागदावर रेघा काढल्या, तर रेघा जवळपास पूर्ण आल्या. मग अर्धा मीटर छपाई सोडली. काळा फिका झाला, पाठोपाठ मजेंटा (गडद गुलाबी), मग पट्टे पडायला लागले. मशीन वीस मिनिटं बंद न करता तसंच ठेवलं आणि परत चेक मारला, तर रेघा परत आल्या, पण या वेळी न आलेल्या रेघा दुसऱ्याच जागी होत्या. हेड चोंदलं असेल तर दर वेळी त्याच जागच्या त्याच रेघा जातात. जागा बदलत असतील तर हेडपर्यंत शाईच पुरेशी पोचत नाही किंवा वाटेत हवा धरली आहे. हे कळायला ती वीस मिनिटं थांबावंच लागतं. त्या वेळी मी स्टुलावर बसून होतो हे खरं आहे. मशीनही बसून होतं.

मग कॅपमध्ये, म्हणजे हेड ज्यावर टेकतं त्या रबरी काठाच्या वाटीत, साफ करायचं सोल्युशन काठोकाठ भरलं आणि पंप फिरवला. ते खाली उतरायला हवं होतं, तसंच राहिलं. खालून नळी काढून पंपाच्या बाजूला बोट लावलं, ओढ चांगली होती. म्हणजे पंप बरा, कॅपची खालची तोटी शाईनं बुजलेली आणि वरचं रबर एका कोपऱ्यात चिरलेलं. क्लीनिंग म्हणजे पंपानं हेडमधून शाई ओढून ते साफ करणं; अशा कॅपवर ते कितीही मारा, हेडमधून शाई ओढली जातच नाही. तुम्ही त्या दिवशी सकाळपासून क्लीनिंगच मारत होता.

ही कॅप, म्हणजे कॅप टॉप, बदलला. काळा आणि मजेंटा असे दोन डॅम्पर (हेडच्या आधी शाई गाळणाऱ्या छोट्या डब्या) बदलले, त्यांच्या आतली जाळी गाळानं भरली होती. मजेंटाच्या डॅम्परला तर ओ-रिंगच (जोड घट्ट बसवणारं रबरी कडं) नव्हती. ती मला मशीनच्या खालच्या पत्र्यावर सापडली, तुम्हाला हातात दिली होती. तुमच्या पोरानं आधी स्वतः डॅम्पर काढून बसवले होते, ते त्यानं तेव्हा सांगितलं नाही, मी निघायला लागलो तेव्हा कुठे सांगितलं. पोर आहे, भ्यालं असेल, त्याच्यावर रागवू नका. पण सिरिंजनं जोर लावून हेडमध्ये सोल्युशन मारू नकोस, आतले पडदे फुटले की रंग एकमेकांत मिसळतात आणि मग खरंच हेड जातं, हे मी त्याला समोर बसवून सांगितलंय.

डॅम्पर बसवायला पाच मिनिटं लागली. तेवढीच तुम्ही बघितलीत, कारण बाकीच्या वेळी काउंटरवर गिऱ्हाईक होतं.

आता २,८५०. भेट ९००, दोन डॅम्परचे ७००, कॅप टॉप १,२५०. जुना माल तुमच्यासमोर टेबलावर ठेवला होता. आणि दादा, मिळाले २,५००. ‘उरलेले पुढच्या वेळी’ म्हणालात, मी हो म्हणालो. ते ३५० मी मागत नाही, पण लिहिताना तरी २,८५० घेतले असं लिहू नका.

मला नवीन हेडच विकायचं असतं तर त्या दिवसाइतका सोपा दिवस नव्हता. तुमची तयारी होती, पाकीट बाहेर होतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा गावभागातल्या एका दुकानाचं मशीन चार दिवस पाण्यात होतं. गाळ काढला, उघडून बघितलं आणि तोंडावर सांगितलं, हे होणार नाही, यात पैसे घालू नका. भेटीचेही घेतले नाहीत. तो माणूस आजही मलाच बोलावतो.

तिसऱ्या दिवसाचं. तुम्ही पाठवलेला नोझल चेकचा कागद मी दुपारी अडीचला बघितला. त्यावर एकही रेघ नव्हती, चारही रंग एकदम गायब. दोन दिवसांपूर्वीचा आजार असा नव्हता. एक-दोन रंग हळूहळू फिके होतात तेव्हा शाईच्या वाटेत बघायचं, सगळे रंग एका झटक्यात जातात तेव्हा हेडची केबल किंवा बोर्डावरचा फ्यूज बघायचा. मी लगेच फोन केला, क्लीनिंग मारू नका, मेन स्विच बंद करा म्हणालो. तोवर अकरा वेळा मारून झालं होतं. माझा अंदाज असा, की मशीन चालू असतानाच कुणीतरी डॅम्पर परत हलवला आणि शाई केबलवर उतरली. पण मशीन मी पाहिलेलं नाही, त्यामुळे छातीठोक सांगत नाही.

आणि एक गोष्ट लिहितोच, नाहीतर झोप लागायची नाही. पहिल्या दिवशी त्या केबलचं टोक मला जरा काळसर दिसलं होतं. पुसलं आणि परत बसवलं. तेव्हाच तुम्हाला सांगायला हवं होतं. अंधार पडत होता, परत जायचं होतं, राहून गेलं.

माझ्या दुकानाला दहा अभिप्राय आहेत. नऊ जणांनी पाच स्टार दिले होते, तुमच्या एका स्टारनं ५ चे ४.६ झाले. मोठ्या दुकानाला हे जाणवायचं नाही. माझ्याकडे कालपासून दोन चौकशा आल्या आणि दोघांनीही आधी ‘पाच मिनिटांचं काय झालं होतं?’ असंच विचारलं. दुकानाचा हप्ता पाच तारखेला असतो. अभिप्राय काढा असं म्हणत नाही, तुमचा हक्क आहे. कॅमेरा बघून मिनिटं तेवढी दुरुस्त करा.

सणासुदीला फोनसाठी दुसरा नंबर ठेवायचं चाललंय, भाचा दिवाळीनंतर येतो म्हणालाय, बघू. निघताना जे जे दिसलं ते कागदावर लिहून द्यायचं मात्र कालपासूनच सुरू केलंय.

नवीन केबल आणि फ्यूज बॅगेत टाकून ठेवलेत. परवा सकाळी तासगावात येतोय, भेटीचे पैसे लागणार नाहीत, केबलचे लागतील. तोवर मशीनचा मेन स्विच कुणालाही लावू देऊ नका, पोराला तर नाहीच. केबल ओली असताना चालू केलं तर या वेळी हेड खरंच जाईल.