ती गप्प का बसली, हे कुणी विचारलं?

आज नऊ तारीख. 2016पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची खास तपासणी असते. धाकट्या भावजयीला घेऊन आरोग्य केंद्रात गेले होते. सहावा महिना चालू आहे तिला. रात्र झाली तरी माझं डोकं शांत होत नाहीये.

हिमोग्लोबिन 8.9 भरलं. सिस्टर सगळ्यांदेखत ओरडल्या, "गोळ्या खात नाहीस ना? फेकून देतेस ना?" पोरगी खाली मान घालून उभी. रिक्षात बसल्यावर हळूच म्हणाली, "ताई, गोळी घेतली की संडासला काळी होते. मला वाटलं, पोटातून रक्त जातंय. बाळाला काही झालं तर?"

अहो, लोहाच्या गोळीनं काळी होतेच! घाबरू नकोस, चहाबरोबर घेऊ नकोस, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला घे. हे सांगायला किती वेळ लागतो? कुणी सांगत नाही, म्हणून मग शेजारच्या काकूंचं खरं वाटतं: गोळ्यांनी बाळ मोठं होतं आणि सिझर करावं लागतं. काकू निदान तिच्याजवळ बसून बोलतात तरी.

सिस्टर एकट्या होत्या, बाहेर रांग, वर रजिस्टरं आणि ऑनलाइन एन्ट्री. मान्य. पण म्हणून "अंगावरून पांढरं जातं का गं?" हे केसपेपरच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या पुरुषांसमोर विचारायचं? ती "नाही" म्हणाली. खरं तर जातंय, खाजही सुटते. हे तिनं मला घरी आल्यावर सांगितलं. म्हणजे सरकारी कागदावर आता खोटं लिहिलं गेलंय, आणि त्यात त्या पोरीचा काडीचा दोष नाही!

संध्याकाळी आमच्या आशाताई आल्या. ओट्यावर बसून त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. रात्री जेवल्यावर तासाभरानं लिंबूपाण्याबरोबर गोळी घे म्हणाल्या, आणि खाजेचं दाखवायला उद्या स्वतः बरोबर येणार आहेत. मघाशी तिनं मुकाट्यानं गोळी घेतली. पगारही नसलेल्या, मानधनावर राबणाऱ्या बाईला जे जमतं, ते दवाखान्याला का जमू नये?

आपल्या यादीतलं कुणी रुग्ण कल्याण समितीवर असेल तर ऐका. समितीकडे किरकोळ सोयींसाठी निधी येतो. त्यातून तपासणीच्या टेबलाभोवती एक पडदा लावून घ्या. पुढच्या नऊ तारखेच्या आत.