‘सगळे दिवे एकदम लागले, म्हणजे सेन्सरचा घोळ’ : एका फॉरवर्डला उत्तर

पावसाळा सुरू झाला की मोटारमालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : डॅशबोर्डवर एकाच वेळी चार-पाच दिवे लागले तर घाबरू नये, कारण इतके भाग एकदम बिघडूच शकत नाहीत आणि हा नुसता सेन्सरचा घोळ असतो, चालत्या गाडीतच चावी बंद करून पुन्हा सुरू करावी, तरीही दिवे गेले नाहीत तर बॅटरीची निगेटिव्ह वायर दहा मिनिटे काढून ठेवावी, पिवळ्या दिव्यांकडे लक्ष देऊ नये, बॅटरीचा दिवा म्हणजे बॅटरी जुनी झाली एवढेच समजून सोडून द्यावे, आणि सर्व्हिस सेंटरमध्ये लुटून घेण्यापेक्षा स्वस्तातल्या स्कॅनरने गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड उडवून मोकळे व्हावे. या संदेशातले एक विधान बरोबर आहे, आणि त्याच्या आधारावर बाकीची चुकीची विधाने खपून जातात.

‘इतके भाग एकदम बिघडू शकत नाहीत.’ हे बहुतेक वेळा खरे आहे. मात्र त्यावरून काहीच बिघडलेले नाही असे ठरत नाही; बिघाड बहुधा एकच आहे आणि त्याचा फटका अनेक व्यवस्थांना बसला आहे, एवढेच ठरते. आजच्या मोटारीत इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग आणि एअरबॅग यांचे नियंत्रक एका सामाईक तारांच्या जाळ्यावरून एकमेकांना माहिती पुरवतात. कॅन या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली आणि आता ती जवळपास प्रत्येक गाडीत असते. उदाहरणार्थ, चाकाच्या हबजवळ बोटाच्या पेराएवढा एक सेन्सर असतो आणि चाक किती वेगाने फिरते आहे ते तो कळवतो. त्याची वायर शॉक ॲब्झॉर्बरच्या कडेने, चाकाच्या कमानीत, लहान क्लिपांमध्ये अडकवून वर नेलेली असते, आणि तिथे चिखल, खडी आणि सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर या सगळ्यांचा वावर असतो. ती एक वायर तुटली की जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या एबीएसला त्या चाकाचा वेग कळेनासा होतो आणि ते स्वतःला बंद करून घेते. त्याच आकड्यावर अवलंबून असलेली, वळणावर गाडी घसरू न देणारी ईएसपी आणि चढावर गाडी मागे येऊ न देणारी हिल होल्ड याही पाठोपाठ बंद पडतात. दिवे तीन, दोष एक, हे मान्य. पण त्या तिन्ही सोयी त्या क्षणी खरोखर बंद असतात. भारतात एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीला एबीएस सक्तीचे आहे, त्यामुळे अलीकडे गाडी शिकलेल्या अनेकांनी ओल्या रस्त्यावर चाके जाम होऊन गाडी सरकत जाण्याचा अनुभव कधी घेतलेलाच नाही.

याच ठिकाणी दिव्यांची जोडी ओळखता येणे महत्त्वाचे ठरते. एबीएसचा पिवळा दिवा एकटाच लागला असेल तर साधे ब्रेक चालू असतात आणि अंतर राखून, सावकाश गॅरेजपर्यंत जाता येते. त्याच्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला आणि हँडब्रेक मात्र पूर्ण सोडलेला असला, तर ब्रेक ऑइल कमी झालेले असू शकते, किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्था बंद पडलेली असू शकते. अशा वेळी जोरात ब्रेक दाबल्यास मागची चाके आधी जाम होऊन गाडी गरकन फिरण्याचा धोका असतो. ही जोडी दिसली की गाडी पुढे चालवू नये, टो करून न्यावी.

‘चालत्या गाडीतच चावी बंद-चालू करा.’ संपूर्ण संदेशातला हा सर्वांत घातक सल्ला आहे. ब्रेकच्या पेडलला हलकेपणा देणारा बूस्टर बहुतेक गाड्यांत इंजिनमुळे तयार होणाऱ्या निर्वातावर चालतो. इंजिन बंद झाल्यावर तो साठा पेडल दोन-तीनदा दाबेपर्यंत पुरतो आणि मग पेडल दगडासारखे घट्ट होते. पॉवर स्टिअरिंगची मदत थांबते, एअरबॅगवर भरवसा ठेवता येत नाही, आणि घाईत चावी एक घर जास्त फिरून बाहेर आली तर स्टिअरिंग लॉक होते. लोणावळ्याहून खोपोलीकडे बोरघाट उतरताना मागे भरलेला कंटेनर आणि पुढे वळण असताना हा प्रयोग कोणी केला तर काय होईल, हे सांगण्याची गरज नसावी. घाट न्यूट्रलमध्ये उतरून पेट्रोल वाचवणारी मंडळी आपल्याकडे आहेतच; त्यांच्या हाती हा आणखी एक मंत्र देऊ नये.

या सल्ल्याचा सुरक्षित अवतार मात्र उपयोगाचा आहे. गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला पूर्ण थांबवावी, हॅझर्ड दिवे लावावेत, मागे काही अंतरावर लाल त्रिकोण ठेवावा आणि द्रुतगती मार्ग असेल तर प्रवाशांना कठड्यापलीकडे उभे करावे. मग इंजिन बंद करून थोड्या वेळाने एकदाच सुरू करून पाहावे. तेच दिवे पुन्हा लागले तर दोष टिकून आहे. याला दोन अपवाद आहेत. बॅटरीचा दिवा लागलेला असताना इंजिन बंद केल्यास ते पुन्हा सुरू होईलच असे नाही, त्यामुळे मदत मिळू शकेल अशा जागी पोहोचेपर्यंत ते बंद करू नये. आणि साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडली असेल तर चावीला हातही लावू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, आणि स्टार्टर मारताच पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. पावसाळ्यात फिरणाऱ्या संदेशात नेमके हेच नसावे, याचे आश्चर्य वाटते.

‘बॅटरीची वायर काढून ठेवा.’ हा उपाय पुष्कळदा लागू पडल्यासारखा दिसतो, आणि त्याचे कारण फारसे कोणी पाहत नाही. टर्मिनल, म्हणजे बॅटरीला वायर जोडायचे टोक, सैल असणे किंवा त्यावर पांढरा-हिरवट थर साचणे हे एकदम अनेक दिवे लागण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे. वायर काढून पुन्हा बसवताना तो थर खरवडला जातो आणि नट आवळला जातो. गुण आवळण्याचा येतो, श्रेय मात्र ‘रीसेट’ला मिळते. टर्मिनल जरूर साफ करावे, पण त्याआधी एखाद्या मल्टिमीटरने मोजावे : रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि इंजिन सुरू झाल्यावर हा आकडा साधारण १४ च्या आसपास जायला हवा. तो वर चढलाच नाही तर दोष चार्जिंगमध्ये आहे. उलट, काही न मोजता वायर काढली की अनेक गाड्यांत दोष कोणत्या वेगाला, किती तापमानाला आला याची इंजिनच्या नियंत्रकाने जपलेली नोंद पुसली जाते. अधूनमधून येणारा बिघाड शोधताना मेकॅनिकला तीच नोंद हवी असते.

‘बॅटरीचा दिवा म्हणजे बॅटरी जुनी झाली.’ हा दिवा चार्जिंग होत नसल्याचे सांगतो. इंजिनच्या जोरावर वीज तयार करणारा अल्टरनेटर बंद पडला की गाडी केवळ बॅटरीवर चालते. रात्री हेडलाइट, वायपर आणि एसी सुरू असताना ती शिल्लक झपाट्याने संपते. व्होल्टेज उतरू लागले की इलेक्ट्रिक स्टिअरिंग, एबीएस, एअरबॅग असे एकेकाचे दिवे लागत जातात आणि शेवटी इंजिन बंद पडते. म्हणून जाणता मेकॅनिक किती दिवे लागले हे विचारण्याआधी पहिला कोणता लागला ते विचारतो. एसी बंद करून जवळच्या सुरक्षित जागी पोहोचणे, हा इथला योग्य मार्ग आहे. पण बॅटरीच्या दिव्यासोबत तापमानाचा काटा चढू लागला असेल तर अल्टरनेटर फिरवणारा बेल्ट तुटलेला असू शकतो, आणि पाण्याचा पंप त्याच बेल्टवर असलेल्या गाडीत आणखी दोन किलोमीटर जाणेही इंजिनाच्या जिवावर बेतते. तेलाच्या कॅनचे चित्र, म्हणजे इंजिन ऑइलच्या दाबाचा दिवा, लाल दिसले तर तेवढीही वाट पाहू नये : गाडी कडेला घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावे.

‘पिवळे दिवे सोडून द्या.’ लाल म्हणजे थांबा आणि पिवळा म्हणजे लवकर दाखवा, हा ढोबळ नियम बरोबर आहे. ‘लवकर’चा अर्थ ‘पुढच्या सर्व्हिसिंगला’ असा होत नाही. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आणि तो महागडा भाग तापून निकामी होतो. तेव्हा वेग लगेच कमी करून गाडी थांबवावी. याउलट एप्रिल २०२० नंतरच्या, बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या अनेक डिझेल गाड्यांत धुराच्या फिल्टरचा पिवळा दिवा लागला आणि दुसरा कोणताही दिवा नसेल, तर मोकळ्या रस्त्यावर काही वेळ एकसारख्या वेगाने गाडी चालवणे हाच मॅन्युअलमध्ये दिलेला उपाय असतो.

राहिला लुटले जाण्याचा मुद्दा. ही तक्रार निराधार नाही. काही शे रुपयांच्या ब्रेक स्विचऐवजी अख्खा एबीएस युनिट बदलायला सांगितल्याच्या कहाण्या कोणत्याही नाक्यावर ऐकायला मिळतात. पण मोबाइलला जोडायचा स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे कोड वाचतो. एबीएस आणि एअरबॅगच्या नियंत्रकांपर्यंत तो पोहोचत नाही, आणि कोड पुसल्याने तुटलेली वायर जोडली जात नाही. गॅरेजवाल्याला तीन गोष्टी सांगाव्यात : आधी बॅटरी आणि चार्जिंगचे व्होल्टेज मोजून दाखवा, सगळ्या नियंत्रकांचे कोड पुसण्यापूर्वी त्यांचा फोटो द्या, आणि बदललेला जुना भाग परत करा. गाडी ताब्यात घेताना चावी फिरवून, इंजिन सुरू न करता, एअरबॅगचा दिवा पाहावा. तो काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर दोष दुरुस्त करण्याऐवजी कोणीतरी दिवाच काढून टाकला असण्याची दाट शक्यता आहे, आणि अशी गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर काढू नये.