फोन फुल – ४०

आमच्या गिरणीच्या भिंतीवर, विजेच्या मीटरखाली, खडूने उधारी लिहिलेली असते. 'वकील – ६०', 'निळा बंगला – ११०', 'मॅनेजर (जुने) – २५'. नाशिकला या गल्लीत राहून मला अठरा वर्षं झाली, पण त्या भिंतीवर मी कधी चढलो नव्हतो. परवाच्या रविवारी चढलो. माझी नोंद अशी आहे : 'फोन फुल – ४०'.

नाव लिहिता आलं असतं. गिरणीवाल्याला माझं नाव माहीत आहे. गणपतीच्या वर्गणीची पावती दरवर्षी तोच फाडतो.

झालं एवढंच की पाच किलो गहू दळून झाले, डबा कट्ट्यावर आला, मी खिशातून फोन काढला आणि पैसे पाठवायच्या ॲपने सांगितलं, आधी मला अपडेट करा, मग बघू. अपडेट करायला गेलो तर फोन म्हणाला, जागा नाही, काही फोटो काढून टाका. पाकीट घरी. घर चार मिनिटांवर. पण मी "जाऊन येतो" म्हणताच गिरणीवाल्याने डब्याच्या झाकणावर हात ठेवला. सहज ठेवला असेल. मला दिसला.

आता जागा नाही म्हणजे काय? हा फोन मी ६४ जीबीचा म्हणून घेतलाय. गिरणीत पाच किलो दळण टाकलं की पाच किलो पीठ मिळत नाही, थोडी घट येते; पण ती गिरणीवाला तोंडावर सांगतो. फोनवाल्यांची घट खोक्यावर ठळक कुठेच नसते. त्यांचा जीबी १०० कोटी बाइटचा, संगणकाच्या जुन्या मोजणीतला १०७ कोटींच्याही वर, म्हणजे ६४ म्हणून घेतलेले त्या मापाने साठसुद्धा भरत नाहीत. त्यात फोनची स्वतःची सिस्टीम ऐसपैस बसते. मग न मागता आलेली आणि काढू म्हटलं तरी न निघणारी ॲपं. माझ्याकडे शेअर बाजाराचं एक आहे. माझा शेअर बाजाराशी संबंध एवढाच की मेहुणा त्यात बुडाला. उरलेल्या जागेत मी, माझं कुटुंब आणि दहावीच्या बॅचचा ग्रुप.

"बघू," असा मागून आवाज आला.

मागे भाजणीवाल्या काकू होत्या. त्यांचं नाव मला माहीत नाही. स्टीलचा डबा पोटाशी धरून त्या मघापासून गिरणीवाल्याला बजावत होत्या, की माझी भाजणी गव्हावर टाक, नागलीवर टाकलीस तर परत नेणार नाही. म्हणजे माझ्या गव्हाचं आणि त्यांच्या भाजणीचं नातं आधीच जुळलेलं होतं. त्या हक्काने की काय, त्यांनी डबा माझ्या हातात दिला आणि फोन स्वतःच्या हातात घेतला. हा सौदा मला कळेपर्यंत त्या गॅलरीत शिरल्या होत्या.

"हे कोण?"

"साडू."

"तोंड असं का केलंय?"

"तसंच आहे."

"येणं-जाणं आहे का?"

"लग्नकार्यात."

"मग लग्नकार्यात दिसतीलच." साडू गेले.

काकूंच्या बोटाला पीठ होतं. त्यामुळे ज्याच्यावर बोट पडेल तो आधी पांढरा व्हायचा आणि मग जायचा. शेजारी कळण्याचं पोतं घेऊन बसलेले एक बाबा सरकून जवळ आले. कानात बोंडं घातलेल्या एका पोराने एक बोंड काढलं.

"या चपला कुणाच्या?"

"कुणाच्या नाहीत. दुकानातून बायकोला विचारायला फोटो काढला होता."

"घेतल्या?"

"नको म्हणाली."

"बरं केलं. टाच बघा ना." टाच बाबांनीही बघितली. चपला गेल्या. मागोमाग सिलिंडरचा नंबर, मीटरचं रीडिंग, कुठल्याशा गोळ्यांची पट्टी आणि मॉलच्या तळघरातला एक खांब, ज्याच्यावर 'बी-२' लिहिलंय. गाडी कुठे लावली ते लक्षात राहावं म्हणून काढलेला फोटो. गाडी त्याच दिवशी सापडली होती. खांब मी तीन वर्षं सांभाळतोय.

"हा एकच केक सोळा वेळा कशाला कापलाय?"

"एकदाच कापलाय. फोटो सोळा आहेत. त्यातला चांगला निवडायचा होता."

"मग निवडला का नाही?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या लहानपणी मामाकडे रोलचा कॅमेरा होता. रोल ३६ चा. नीट भरला तर सदतीसावा, अडतीसावाही निघायचा, आणि मामा ते दोन फोटो स्वतःच्या कर्तबगारीने मिळवल्यासारखे सांगायचा. दिवाळी, मावशीचं डोहाळेजेवण आणि शेजाऱ्यांची नवी स्कूटर एकाच रोलवर यायची. शेवटी दोन-तीन उरले की "रोल संपवायचाय" म्हणून आम्हाला फ्रिजजवळ उभं करायचे. आज घरात माझे लहानपणीचे सगळे मिळून अकरा फोटो आहेत, त्यांतल्या चारांत फ्रिज आहे. पण ते सापडतात. या केकवाल्या भाच्याचे माझ्याकडे शेकड्यांनी आहेत, आणि परवा बहिणीने "त्याचा एखादा नीट फोटो पाठव" म्हटलं तेव्हा अर्धा तास शोधून मी खांब पाठवता पाठवता राहिलो.

काकूंनी पंधरा केक उडवले, एक ठेवला. ठेवला त्यात भाच्याचे डोळे मिटलेले आहेत. पण केक चांगला आलाय.

इथपर्यंत कामाला वेग होता. मग दुतोंड्या मारुती आला.

गंगेला पूर आला की रामकुंडाजवळच्या या मारुतीला पाणी कुठवर चढलं त्यावर आम्ही नाशिककर पूर मोजतो. नदी गोदावरी, पण नाशकात ती गंगाच. दर पावसाळ्यात मी छत्री सांभाळत जातो आणि फोटो काढतो. माझ्याकडे मारुती घोट्यापर्यंत आहे, गुडघ्यापर्यंत आहे, कमरेपर्यंत, छातीपर्यंत आहे. सगळे मिळून तेवीस. मी म्हटलं, काकू, यातले वीस काढा, काम होईल. काकूंनी फोन माझ्यापासून लांब धरला.

"देव कसा काढायचा?"

"काकू, फोटो आहे."

"घरातली तसबीर काय असते मग?"

बाबांनी मान हलवली. काकूंनी पिठाचा हात पदराला पुसून मारुतीला नमस्कार केला आणि पुढे सरकल्या. पुढे व्हॉट्सॲपवरचे देव होते. शाळेच्या ग्रुपवर एक जण वारानुसार देव पाठवतो. सोमवारी शंकर, मंगळवारी गणपती, गुरुवारी दत्त, सगळ्यांच्या खाली 'शुभ सकाळ' आणि वाफाळता चहा. हे सगळे सुखरूप राहिले. "विसर्जन करायचंच असेल तर चतुर्दशीला करा," काकू म्हणाल्या. साडू, ज्याला रक्तमांस आहे, तो अर्ध्या मिनिटात गेला.

२०१८ च्या जानेवारीत एका अमेरिकन वर्तमानपत्राने आमच्या या शुभ सकाळींवर मोठी बातमी छापली होती. गूगलच्या लोकांनी भारतातले फोन का गुदमरतात ते शोधलं, तर कारण निघालं फुलं, सूर्योदय आणि सुविचार. भारतात तिघांतल्या एकाचा फोन रोज भरतो, अमेरिकेत दहातल्या एकाचा, असंही त्यात होतं. तेव्हा मी ती बातमी हसून गॅलरीतून चार जणांना पाठवली होती. त्या बातमीचा फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. दोनदा. एक आलेला आणि एक पाठवलेल्यांच्या फोल्डरमध्ये, कारण आपण गॅलरीतून पाठवलं की व्हॉट्सॲप त्याची एक प्रत आपल्याकडेही ठेवतं.

मग एक तांबूस, धूसर काहीतरी आलं. काकूंनी फोन आडवा केला, उभा केला. "हे काय? बोट?"

"अंगठा. वडिलांचा. व्हिडिओ कॉल केला की ते कॅमेऱ्यावर अंगठा ठेवायचे. अख्खा कॉल तेवढंच दिसायचं."

"आहेत?"

"नाहीत."

"असू दे," म्हणाल्या, आणि पुढचे माझ्या सासुरवाडीचे एकवीस जण एका दमात घालवले.

एव्हाना गिरणीत सगळ्यांना माझं कुळ-मूळ कळलं होतं. कुणाचं कुणाशी पटत नाही, कुठल्या बारशाला आम्हाला बोलावलं नाही (आणि तरी फोटो आले), गोव्याला मी कसली चड्डी घातली होती. बोंडंवाल्या पोराने मोजून सांगितलं, एकशे बारा उडाले. मी अपडेट दाबलं.

जागा नाही.

"बिन," तो पोरगा म्हणाला. "उडवलेलं बिनमध्ये जातं, अंकल. तीस दिवस तिथेच असतं. जागा तेवढीच खातं."

"म्हणजे केर भरून दारामागे ठेवलाय," काकू म्हणाल्या. "घंटागाडी यायचीय."

अगदी तेच. पोराने बिन उघडून दिली. आत साडू तोंड वाकडं करून उभेच. 'सगळं रिकामं करा' दाबल्यावर फोनने विचारलं, हे कायमचं नष्ट होईल, चालेल? आणि इतका वेळ माझी सासुरवाडी झाडणाऱ्या काकूंनी एकदम हात मागे घेतला. "ते तुमचं तुम्ही दाबा बाई. उद्या कुणाला काही झालं तर माझ्यावर नको." फोन माझ्या हातात, डबा त्यांच्या हातात. सात माणसं बघत होती. पंधरा केक, एकवीस माणसं, एक साडू. मला दाबवेना. तेवढ्यात गिरणीवाल्याने भाजणीला हाक मारली आणि काकू मागे न बघता गेल्या.

"लिहून ठेवतो," गिरणीवाला म्हणाला, आणि खडू घेतला.

राग कुणाचा आलाय ते मला अजून नक्की ठरवता येत नाही. काकूंचा थोडा आहे. पण खरं सांगायचं तर मला या सगळ्या मांडामांडीचाच आलाय. कॅमेरा ५० मेगापिक्सेलचा देतात, एकेक फोटो चार-पाच एमबीचा पडतो, मग जागा संपली की म्हणतात वर क्लाउडमध्ये टाका. २०१५ साली गूगल फोटोज आलं तेव्हा थोडे आटवलेले फोटो हवे तितके फुकट ठेवता यायचे. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या हिशेबात धरायला लागले, आणि त्याच १५ मध्ये मेलही आले. तोवर आपल्याला निवडायची सवय मोडलेली. आता दर महिन्याला भाडं भरा आणि भाच्याचे मिटलेले डोळे सांभाळा. आणि मला चाळीस रुपये द्यायचे होते हो. चाळीस रुपये द्यायला एखाद्याने आपली सासुरवाडी का उडवावी?

रात्री बायकोला हा प्रकार सांगितला. तिने शांतपणे ऐकला आणि विचारलं, साडूंच्या फोटोत मागे हिरव्या साडीत आत्या होती, तो पण गेला का? आत्याचा तेवढा एकच चांगला आलेला. बिन उघडली. आत्यासाठी साडू आणले. साडू आणले आणि बाकीच्यांना तिथेच ठेवायचं हे बरं दिसेना, म्हणून सगळेच आणले. चपला पण आल्या.

आज सकाळी पाकीट घेऊन गिरणीत गेलो. भिंतीवर माझ्याखाली अजून कुणी लिहिलं नव्हतं. पाचशेची नोट पुढे केली. गिरणीवाल्याने ती उजेडात धरून बघितली, गल्ल्याचं खण उघडून बघितलं, नोट परत माझ्या हातात दिली.

"सुटे नाहीत, काका. फोनवर टाका की."