थायलंडमध्ये ‘ख्रप’ कुणी म्हणायचं आणि ‘खा’ कुणी?

थायलंडला निघालेल्यांसाठी एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर फिरतोय: नमस्कार म्हणताना समोर पुरुष असेल तर ‘सवातदी ख्रप’ म्हणा, बाई असेल तर ‘सवातदी खा’. हे साफ चुकीचं आहे. ‘सवातदी’ म्हणजे नमस्कार; ‘ख्रप’ किंवा ‘खा’ हा त्याला जोडायचा अदबीचा शब्द, आणि तो बोलणाऱ्यावरून ठरतो, ऐकणाऱ्यावरून नाही. आपण नाही का, समोर कुणीही असो, पुरुष ‘येतो’ म्हणतो आणि बाई ‘येते’, तसंच. म्हणजे बँकॉकच्या हॉटेलातला पोऱ्या पाहुण्या बाईंनाही ‘सवातदी ख्रप’च म्हणणार आणि त्यांनी उत्तरात ‘सवातदी खा’ म्हणायचं. घाईच्या बोलण्यात ‘ख्रप’मधला ‘र’ गळतो, नुसतं ‘खप’ ऐकू येतं; गोंधळू नका. ‘खा’ही लांबवायचा नाही, वरून खाली आणत झटकन सोडायचा.

सकाळ, दुपार, रात्र, सवातदी कधीही चालतं. निरोप घेतानाही.

दिसेल त्याला हात जोडा, हा त्याच मेसेजमधला सल्लाही अर्धवटच. या नमस्काराला तिथे ‘वाय’ म्हणतात. तो आधी धाकट्याने करायचा, मोठ्याने स्वीकारायचा. लहान मुलांना किंवा वेटरला आपण आधी करायचा नाही; हसून मान हलवली तरी पुरतं. बौद्ध भिक्खूंना मात्र जरूर करा, अंगठे भुवयांच्या मध्ये टेकतील इतके हात उंच नेऊन. ते उलट हात जोडत नाहीत, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.