कंटाळा आला म्हणजे कळला नाही, असं कसं?

'लॉस्ट इन ट्रान्सलेशन' (2003) हा टोकियोच्या हॉटेलात भेटलेल्या बॉब आणि शार्लट या दोन एकट्या अमेरिकनांचा सिनेमा. तो ज्यांना संथ वाटला त्यांना कळलाच नाही, हे त्यावरच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही बाप्पा.

आमच्या धरमपेठेतल्या घरी तो सगळ्यांनी मिळून पाहिला. जावईबापू अर्ध्या तासात मोबाइलमध्ये. "दोघांना हॉटेलात झोप येत नाही, यात पिक्चर काय?" याच्या पटकथेला ऑस्कर मिळालंय म्हटलं, तर म्हणे, "पटकथा आहे कुठं?" आता गोष्ट म्हणावी अशी त्यात फार घडत नाही, हे खरंच आहे. त्यांना अडाणी कशाला ठरवायचं?

मावशीनं मात्र एका ठिकाणी रिमोट मागून घेतला. शार्लट टोकियोहून मैत्रिणीला फोन करते, देवळात जाऊन आले पण काहीच वाटलं नाही म्हणते, तिला रडू येतं. आणि पलीकडची आपल्याच घाईत. मावशीचा मुलगा टोरांटोला असतो. "आमचंही असंच. जेवला का, थंडी किती, ठेवू का?" एवढंच बोलली.

मला विचाराल तर बॉबच्या बायकोनं हॉटेलवर पाठवलेलं कार्पेटच्या नमुन्यांचं पार्सल सगळ्यात भारी. भांडण नाही, आदळआपट नाही, संसाराचं सगळं त्या तुकड्यांत दिसतं.

खटकलं ते वेगळंच. जपानी माणसांच्या र-ल उच्चारांवर आणि उंचीवर काढलेले विनोद. आपल्या बोलण्याची कुणी अशी नक्कल केली तर आपण हसू का? यावर सिनेमा आला तेव्हापासून टीका होतेय, लेखात एक ओळ तरी हवी होती नं.