"हे काय आहे?" विचारणाऱ्यांना

पावसाळा लागला की आपल्या नागपूरच्या ग्रुपांवर फोटोंचा पूर येतो. गोरेवाड्याचं झाड, सेमिनरी हिल्सवरची छत्री (अळंबी), गच्चीतल्या ट्यूबलाइटला चिकटलेला पतंग, आणि खाली एकच ओळ: "हे काय आहे?" कोणीतरी ॲप लावतो, मिनिटाभरात लॅटिन नाव टाकतो, विषय संपला. राजेहो, इतकी घाई कशाला? बऱ्याच फोटोंवरून जातीपर्यंत पोचताच येत नाही. "टर्मिनेलिया आहे, म्हणजे ऐन-अर्जुनाच्या गटातलं, पुढचं यावरून सांगता येणार नाही" हे पूर्ण उत्तर आहे. असं म्हणणाऱ्याला अडाणी समजू नका.

ऐन आणि अर्जुनच घ्या. नुसतं पान दाखवलं तर भलेभले अडतात. खोड दाखवा, वाद मिटतो. ऐनाची साल काळपट, मगरीच्या पाठीसारखी चिरलेली. अर्जुनाची फिकट, गुळगुळीत, पापुद्रे सुटणारी. फळाला पंख दोघांच्याही पाच, पण ऐनाचे रुंद. झाड नाल्याकाठी होतं की टेकडीवर, तेही लिहा. (टसर रेशमाच्या अळीला दोन्ही पानं चालतात, तिचं काही अडत नाही.)

पतंगांत तर कित्येक बारक्या तपकिरी जाती सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियं पाहिल्याशिवाय वेगळ्या करता येत नाहीत. तिथे फोन काय करणार? अळी सापडली तर कोणत्या झाडावर होती ते आधी सांगा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर दोघांचं जातीवर एकमत झालं की नोंद 'रिसर्च ग्रेड', म्हणजे अभ्यासाला चालेल अशी, होऊ शकते, आणि आपल्यातलेच काही जण ओळखीपाळखीत डोळे मिटून हो म्हणून येतात. याचा मला खरा राग आहे.

छत्र्यांबाबत मी हटवादी आहे. फोटो पाहून "खा, चांगली आहे" म्हणणाऱ्याला ग्रुपातून काढावं. सात्या, म्हणजे लोक खातात त्या छत्र्या, वारुळावर उगवतात, त्यांचा देठ मुळासारखा खाली वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो. उपटताना तो तुटतो आणि फोटोत नेमकी तीच खूण नसते. पावसानंतर लॉनवर येणारी विषारी क्लोरोफिलम छत्रीही वरून तशीच पांढरी, भरदार. कोवळी असताना टोपीखालचे पडदेसुद्धा पांढरेच, हिरवट झाक नंतर येते. पडदे खाली करून टोपी पांढऱ्या कागदावर रात्रभर झाकून ठेवली तर हिरवट बीजाणू पडतात. हिने उलट्या-जुलाब होतात. आणि हिरवे पडले नाहीत म्हणजे खायला हरकत नाही, असंही मुळीच नाही.

तेव्हा छत्रीचा फोटो टाकाल तर खालूनही काढा, देठ बुडापासून दिसू द्या. स्वयंपाकाचा प्रश्न मात्र मला विचारू नका.