दारू सोडताय? सोबत कोण आहे?

दारू सोडायचं ठरवलंत? मग आधी वार बघा. मुहूर्त नव्हे, वार. तुमच्याकडच्या सरकारी दवाखान्यात मनोविकाराचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येत असतील, तर निश्चय आदल्या रात्रीच करायचा. भलत्याच दिवशी उपरती झाली तर ती लोणच्यासारखी मुरवत ठेवावी.

आणि घाई तरी कशाला? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की दारूच्या आजारात अडकलेल्या १०० जणांपैकी सुमारे ८६ जणांना उपचार मिळतच नाहीत. एवढं भक्कम बहुमत सोडून तुम्ही उरलेल्या १४ जणांत घुसायला निघालात!

त्यापेक्षा दोन-तीन वर्षं घरच्यांना संधी द्या. मामा म्हणतील, लग्न करून टाका, सुधारेल. लग्न झालेलं असेल तर एक मूल होऊ दे. मूल असेल तर दुसरं. मग कुणीतरी पंढरपूरला नेऊन गळ्यात माळ घालेल. माळ घालून कायमचे सुटलेले लोक मी पाहिलेत, त्यांना माझा खराखुरा नमस्कार. पण रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली, की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते, भिंतीवर मुंग्या दिसायला लागतात. जिवावरसुद्धा बेततं. त्या वेळी डॉक्टरकडे अजिबात धावू नका. 'बाहेरचं लागलंय' म्हणायला आत्या बसलेलीच असते.

तेही जमलं नाही तर एसटी स्टँडच्या मुतारीवरची जाहिरात वाचा : पेशंटच्या नकळत दारू सोडवा. पुडी आमटीत घालायची, बस्स. पुडीत डायसल्फिरामसारखं औषध निघालं आणि माणूस वर दारू प्यायला, तर उलट्या, धडधड, रक्तदाब खाली. पण नकळत म्हणजे नकळतच, त्याशिवाय का एवढी छपाई केली असेल!

मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं नाव कुणी काढलं तर 'आपल्या घरात तसलं काही नाही' म्हणून विषय बंद करावा. १९८६ पासून लोक पुण्यात तिथे जाऊन सुधारतायत, म्हणजे ते लोकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. बायकांनी तर हा लेख वाचूच नये. बाई पीत नाही आणि बाईला उदासही वाटत नाही. तिला अशक्तपणा असतो, त्याला सलाईन लावतात.

१४४१६ हा नंबर मोबाइलमध्ये ठेवू नका. टेलिमानस म्हणतात त्याला, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, २०२२ पासून चालू आहे. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीतही बोलतात. तिथे सगळं बोलून मोकळे झालात तर पारावरच्या मंडळींनी सल्ले कुणाला द्यायचे?

कायद्याचं पुस्तक तर चुकूनही उघडू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारू-ड्रग्जमुळे होणारा मानसिक त्रासही आजारातच धरलाय. उपचार हा हक्क म्हटलाय. विमा कंपनीने शरीराच्या आजारासारखाच याचाही विमा द्यावा, असंही म्हटलंय. (एजंटला हे सांगून बघा. चहा तरी नक्की पाजेल.) कलम ८६ तर कहरच करतं : सज्ञान माणूस स्वतःहून दाखल व्हायला आला, तर नातेवाइकाची संमती सोडाच, हजेरीही लागत नाही. असलं काही वाचून दवाखान्याच्या खिडकीपाशी गेलात तर उगाच बाचाबाची होते.

माझ्या मावसभावाने काही वाचलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात तो आपणहून एका सरकारी रुग्णालयात गेला, एकटाच, सकाळी आठला. रात्रीपासून थेंब घेतला नव्हता. केसपेपर त्याने दोन्ही हातांनी धरला होता, कारण एका हातात धरला की कागद फडफडायचा आणि रांगेतली माणसं वळून बघायची. खिडकीतून पहिला प्रश्न आला, "सोबत कोण आहे?"

"कुणी नाही. मीच पेशंट."

"मग नातेवाईक आणा. आणि ही सही काय केलीय? आधार कार्डवरच्या नावाचा तरी पत्ता लागतोय का हिच्यात?"

त्याने मला फोन केला. मी पुण्यात, येईपर्यंत दुपार उलटणार. ओपीडी एकला बंद. तो बाकावर बसला, उठला, परत बसला. सही तरी सरळ यायला हवी म्हणून अकराच्या सुमारास समोरच्या देशीच्या दुकानात गेला. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, प्यायला परवाना लागतो. देशीचा एका दिवसाचा परवाना दोन रुपयांचा, तोही कुणी मागितला नाही. सोबत कोण आहे, हेही नाही. क्वार्टर घेतली, हात थांबला.

परत येऊन त्याने फॉर्मवर सही केली. शाळेत वहीवर करायचा तशी, वळणदार, खाली दोन टिंबं देऊन.

खिडकीतल्या माणसाने कागद घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाला, "पिऊन आलायस. पुढच्या गुरुवारी ये. न पिता."